गोड आमच्याच घरचं

...नाही, पण मला सांगा, जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने काय आणावं? फुलं आणावीत, फळं आणावीत, काहीच सुचलं नाही तर निदान भूक आणावी! पण ‘गोडाचं आम्ही बघतो, तुम्ही त्रास घेऊ नका,’ असं फोनवर सांगावं? पहिल्यांदा घरी येताना? मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याने? तुम्हाला सांगतो, फोन ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. आता ते आइस्क्रीमवाले आहेत, मान्य. चौकात मोठं दुकान आहे, बाहेर रांग लागते, तेही मान्य! म्हणून काय आमच्या टेबलावर, आमच्या वाट्यांत, त्यांचा माल? लगेच परत फोन लावला. म्हटलं, “तुम्ही रिकाम्या हाताने या. गोड आमच्याच घरचं!” मग म्हणाले, “बरं.” बस्स, एवढंच! आता या ‘बरं’चा माणसाने काय अर्थ लावायचा?

तेवढ्यात आमची ही बाहेर आली, पदराला हात पुसत... “अहो, काय कबूल करून बसलात?” म्हटलं, जेलाटो! “ते काय असतं?” म्हटलं, आइस्क्रीमचाच भाऊ, पण मलई कमी, दूध जास्त आणि तोरा त्याहून जास्त. ताज्या पुदिन्याचं करणार, आत चॉकलेट! तर म्हणते कशी, “तुम्ही आजवर कधी स्वतःचा चहा तरी करून प्यायलात का?” तिच्या आईने, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, पेपरमधून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेपरात घातली. त्या बोलल्या असत्या तर परवडलं असतं हो!

आणि मुलगी... तिच्या तर डोळ्यांत पाणीच. “बाबा, ते लोक रोज हेच करतात. तुम्ही त्यांच्यापुढे काहीतरी पातळ पांचट ठेवाल, आणि त्या घरात जन्मभर मला ऐकून घ्यावं लागेल. प्लीज, विकत आणा ना!” विकत! अगं, कुठून? आपल्या भागात चांगलं दुकान एकच, ते त्यांचंच! म्हणजे त्यांच्या दुकानातून आणून त्यांनाच वाढायचं? पण खरं सांगतो, आता फसलो तर मी एकटा फसत नव्हतो, पोरीची मान खाली जाणार होती. म्हणून मी माघार घेतली? छे! उलट आणखी पेटलो. म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, गोड आमच्याच घरचं!

आता इथे तुम्हाला माझा धंदा सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी गाडी शिकवतो. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाखाली एक वेगळा ब्रेक. माझं सगळं आयुष्य त्या ब्रेकवर गेलंय! समोर कुत्रं आलं, दाब ब्रेक. शिकणारीने डोळे मिटले, दाब ब्रेक. एका गृहस्थांनी तर भाजीच्या गाडीवर... जाऊ दे, तो विषय नको. तर सकाळीच दूध तापायला ठेवलं, बघत उभा राहिलो, दूध आलं की हो वर, आणि मी काय केलं? ब्रेक दाबला! जीव खाऊन, फरशीवर! आता शेगडीला ब्रेक असतो का? दूध ओट्यावरून खाली, खालून माझ्या चपलेत, आणि दारातून ही, “अहो, बटण! हाताने फिरवायचं असतं ते, पायाने नाही!” कळतंय मला! पण पायाला कोण सांगणार?

दुसरं दूध आणलं. गॅलरीतल्या कुंडीतला पुदिना खुडला, धुतला, हातावर चुरडला, गरम दुधात टाकून झाकून ठेवला. थोड्या वेळाने गाळलं... तर दूध पांढरंशुभ्र! सासूबाई डोकावल्या. “जावईबापू, पुदिना घातलात ना? मग हिरवं कुठंय?” मी पण घाबरलो. ही म्हणाली, दोन थेंब हिरवा रंग घालू, कुणाला कळतंय? कुणाला कळतंय? अगं, त्यांनाच कळणार ना, जन्मभर डब्यांत रंग बघितलेत त्यांनी! म्हटलं, एक थेंब पडणार नाही. वास घे वास! तिने वास घेतला आणि रंगाची बाटली परत आत ठेवली. बायकोने माझं ऐकलं म्हणजे बघा! मग साखर, थोडं कॉर्नफ्लॉवर, दाट होईपर्यंत ढवळलं, गार केलं, डब्यात घातलं, डबा फ्रीझरमध्ये. गोड आमच्याच घरचं!

आता खरी गंमत. दुकानात ते घुसळायला यंत्र असतं, घरी कुठलं? घरी आपणच यंत्र. दर अर्ध्या तासाने डबा काढायचा, काट्याने ढवळायचं, बर्फाचे खडे मोडायचे, परत आत ठेवायचा. सोपं आहे की नाही? पण तुम्हीच सांगा, शिकाऊ माणसाला भर रस्त्यात गाडी देऊन आपण अर्धा तास निघून जातो का? जीव राहतो का? मी पाच मिनिटांनी बघितलं. कडेला जरासं घट्ट व्हायला लागलं होतं, म्हटलं, वेग वाढतोय, सांभाळा! दिलं ढवळून. परत बघितलं, परत ढवळलं. दार उघड, ढवळ, दार लाव. उघड, ढवळ, लाव... आणि दुपार कलली तरी डब्यात काय? पुदिन्याचं दूध! मी फ्रिजला शिव्या घालतोय, कंपनीला शिव्या घालतोय, तर ही कमरेवर हात ठेवून, “अहो, ते बिचारं जरा कुठे गोठायला बघतं की तुम्ही उठवताय! सोडा ना त्याला एकटं!” एकटं? मी? कसं सोडू? मुलगी हळूच म्हणाली, “मला पण गाडी तुम्हीच शिकवलीत, बाबा. अजून ब्रेक दाबता शेजारी बसून.”

मग सासूबाई उठल्या. खुर्ची ओढत आणली, फ्रिजच्या दाराला पाठ लावून ठेवली आणि तिच्यावर बसल्या. पेपर उघडला. म्हटलं, “आई, जरा सरकता का, एकदाच बघतो.” “नाही.” म्हटलं, “पाणी प्यायचंय.” “माठात आहे.” म्हटलं, “अहो, पण अर्ध्या तासाने ढवळायचं असतं!” “मी सांगेन.” आणि खरंच, त्या सांगतील तेव्हाच ढवळायचं, मग दार बंद आणि खुर्ची परत जागेवर! माझ्याच घरात, माझ्याच फ्रिजला पहारा!

आणि तुम्हाला सांगतो... लागलं! घट्ट! चमचा उभा राहील असं! माझ्याशिवाय लागलं याचं दुःख करू की लागलं याचा आनंद, तेच कळेना. आता राहिलं फक्त चॉकलेट. ते वितळवायचं आणि बारीक धारेने आत सोडून ढवळायचं, गार लागताच कडक होऊन त्याच्या कपच्या होतात. मी वितळवायला घेतलं, चमचा जरासा ओला होता, जरासाच हो! तर त्या अख्ख्या चॉकलेटचा चिखल! तेवढ्यात मुलगी आली, दुसरी वडी काढली, चमचा स्वतःच्या ओढणीला कोरडा पुसला आणि म्हणाली, “मी धार धरते, तुम्ही ढवळा.” सकाळपासून माझ्यावर रुसलेली पोर... मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी बेल वाजली. दारात व्याही, विहीणबाई, आणि मागे त्यांचा मुलगा. आणि खरंच रिकामे हात! मुलीने माझा दंड दाबला, “बाबा, त्यांनी खरंच काही आणलं नाही.” म्हणजे आता माघार नाही! आणि व्याह्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. खिशात घालतायत, मागे घेतायत, परत पुढे आणतायत. जेवण झालं. वाट्या आल्या. त्यांनी वाटी उचलून वास घेतला, रंग बघितला, एक चमचा तोंडात घातला... आणि डोळे मिटले. डोळे मिटले की मी काय करतो? ब्रेक! टेबलाखाली, पूर्ण ताकदीने! आणि खाली कुणाचा पाय? त्यांचाच! पण माणूस हलला नाही. दुसरा चमचा घेतला. तिसरा. मी पाय काढून घेतला.

शेवटी विहीणबाईच बोलल्या. “यांना आजवर कुणी करून घातलं नाही हो. कुठेही बोलावणं आलं की, ‘येताना गोड तुम्हीच आणा, तुमचं घरचंच आहे.’ सख्ख्या बहिणीकडेसुद्धा! आता तर हे कुणी सांगायच्या आधीच ‘गोडाचं आम्ही बघतो’ म्हणून टाकतात.” म्हणजे तो फोन... आणि मी सकाळपासून या माणसावर दात खाऊन बसलो होतो! ते वाटी पुढे करत म्हणाले, “बर्फाचे खडे राहिलेत थोडे. पण पुदिना झाडाचा आहे, बाटलीतला नाही. अजून आहे का?” अजून आहे का! तुम्हाला सांगतो, छाती अशी फुगली, मुलगी हसतेय, ही हसतेय, आणि मी भरल्या घरात गर्जलो, “व्याहीबुवा, तुम्हाला आमच्याकडे कधीही हात हलवत यायची मुभा आहे. जन्मभर गोड आमच्याच घरचं!”

त्यांनी उठून मला मिठीच मारली. म्हणाले, “ठरलं मग. लग्नातही मी दुकानातून काही आणणार नाही. नुसता मुलाचा बाप म्हणून मिरवणार. गोड तुमच्याकडे!” मी तोंड उघडलं हो, उघडलं! पण तोवर पोरगी आनंदाने टाळ्या वाजवत होती, सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने बघितलं होतं, आणि ही खालमानेने हसू दाबत वाट्या गोळा करत होती... मग काय करता? खाली बसलो आणि हळूच विचारलं, “साधारण... किती माणसं धरू?”