दूध शुद्ध होतं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर आणि समोर बसलेल्या आपल्या डेअरीच्या लहानथोर मंडळींनो,

माझ्याआधी चार जण माझ्याबद्दल भरभरून बोलले. बॉयलरवाले मित्र तर म्हणाले, टँकर फाटकातून आत वळला की मला प्रयोगशाळेत बसूनच दुधाचा वास कळतो. त्यांचं स्वतःचं नाक बारा महिने चोंदलेलं असतं, तेव्हा त्यांची साक्ष किती धरायची ते तुम्हीच ठरवा.

व्यवस्थापक साहेब म्हणाले, 'एकतीस वर्षांत यांच्या हातून चूक झाली नाही.' साहेब, आपलं मन मोठं आहे. पण हे वाक्य मला तसंच घरी नेता येणार नाही. अध्यक्षांनी दोन मिनिटं जास्त द्यावीत.

माझ्या मुलीची मुलगी, तिला आम्ही चिमी म्हणतो. आईचं दूध पुरेना म्हणून डब्याचं सुरू केलं, तर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या थांबेनात. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, दुधाची ॲलर्जी आहे. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, कुठलंच नको. एक खास पावडर लिहून दिली. तिची चव कडवट, वास तर विचारू नका. पोर तोंड फिरवायची. मुलगी तासन्‌तास तिला मांडीवर घेऊन चमच्याने भरवायची.

आणि मी काय म्हणत होतो? 'भेसळीचं असेल कुठलं तरी. आपल्या डेअरीचं देऊन बघ.'

'बाबा, दूध चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. तिला दूधच चालत नाही.'

मी हसलो. जेवणाच्या सुट्टीत तुम्हालाही हे सांगितलं होतं. तुम्हीही हसलात. दोष देत नाही, फक्त सांगतो.

चिमी आठ महिन्यांची होती. एका दुपारी मुलीला कामासाठी बाहेर जावं लागलं. बाटली भरून ठेवत ती म्हणाली, 'हेच द्या. दुसरं काही नको.'

'अगं हो, जा तू. तुला काय मी वाढवलं नाही?'

चिमीने बाटली ढकलली. रडून रडून लालबुंद झाली. सकाळी मी स्वतः तपासलेलं दूध घरात होतं. कोमट केलं. चार चमचे दिले. चौथ्या चमच्याला ती माझ्याकडे बघून हसली.

मग ओठ फुगले. डोळे मिटले. श्वासाची शिट्टी वाजायला लागली, आणि जिना उतरेपर्यंत तीही थांबली. मी अनवाणी रस्त्यावर धावत होतो.

डॉक्टरीणबाईंनी तिला परत आणलं. पण मेंदूला प्राणवायू पोचायला उशीर झाला होता. त्या विचारत होत्या, 'काय दिलंत? किती दिलंत?' आणि मी, मंडळी, एकच उत्तर देत होतो. 'दूध शुद्ध होतं हो. दूध शुद्ध होतं.'

चिमी आता पाच वर्षांची आहे. मान धरत नाही. हाक मारली तर वळत नाही. तीच पावडर पोटात बसवलेल्या नळीतून देतात.

मुलगी माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, 'बाबा, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, मला ठाऊक आहे. पण तिला तुमच्याजवळ एकटं ठेवणार नाही.' मी तिच्या घरी गेलो की चहा करते, तब्येत विचारते, आणि स्वयंपाकघरात जाताना चिमीला उचलून सोबत नेते.

मघाशी कुणीतरी म्हणालं, 'आता नातीत रमा.' मी मान हलवली. दुसरं काय करणार?

एक विनंती. घरात एखादी आई म्हणत असेल, बाळाला हे चालत नाही, तर तिला शहाणपण शिकवू नका. अनुभव कितीही असो.

आपण हा समारंभ घडवून आणलात, सर्वांचा मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर उदार मनाने पोटात घाला. दुसऱ्या गोष्टीची क्षमा मी आपल्याकडे मागत नाही. ती जिने द्यायची, तिला बोलता येत नाही.