म्होरचा मेंढा

भालकी स्टँडवर गोव्याच्या गाडीची वाट बघून बघून तुळजाचे पाय भरून आले होते. मागच्या बाकड्यावर एक थकलेला धनगर आणि समुद्र तपासणाऱ्या बोटीवर कामाला असलेला त्याचा मुलगा बोलत होते.

“एवढ्या पाण्यात काय हुडकायलास, मल्लेश?”

“क्रिल, अप्पा. कोळंबीवाणी बारके जीव. मोठे मासे त्यांच्यावर जगतेत.”

“कुटं घावतेत?”

“किनाऱ्याच्या म्होरं तळ एकदम खोल जातोय. तिथं खालचं थंड पाणी वर आलं की बारीक शेवाळ वाढतंय. तेच चरायला जमतेत.”

“आन पाणी गरम झालं तर?”

“शेवाळ कमी पडतंय. मग तेबी घावत न्हाईत.”

“कळपाम्होरं कोण चालतंय?”

“कोणबी न्हाई, अप्पा. पाणी नेईल तिकडं जातेत.”

“व्हय? आपला म्होरचा मेंढा इकला मी.”

“कामून, अप्पा?”

“माझ्यानं आता त्याच्या मागं चालणं हुईना.”

“मग बाकीची मेंढरं?”

“रोज सकाळी वाडग्याचं दार उघडतो. एकबी भाईर येत न्हाई.”

“अप्पा...”

“तुझी गाडी लागली बघ. जा, जागा धर.”