पुरे म्हटल्यावर

आईचे राहिलेले कागद घ्यायला मी सोलापुरात एका दवाखान्यात बसले होते. शेजारी जेऊरचे एक सासरे आणि त्यांची सून आहारतज्ज्ञ बाईंसाठी थांबले होते. सून फॉर्म भरत होती.

"मामा, एका जेवणाला किती भाकरी लिहू?"

"लिही की एक."

"एकच! आत्याबाई गेल्यापासून नऊ किलो उतरलात. डॉक्टर म्हणतात, साखर नाही, काही नाही, हा माणूस जेवतच नाही. डाळ, उसळ, दूध, सगळं पोटात जायला पाहिजे."

"जेवतोय की. तू वाढतीस तेवढं."

"मी वाढायला आले की तुम्ही पुरे म्हणता!"

"म्हणावंच लागतंय. हावऱ्यावानी मागायचं व्हय?"

"मग आत्याबाई काय करायच्या?"

"ती? पुरे म्हणलं की चतकोर टाकायची, वर डाळ. परत पुरे म्हणलं की आणखी चतकोर. ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतनं उसळ सोडायची. मग मी वरडायचो."

"मग थांबायच्या?"

"मग हसायची. मग थांबायची. तवर पोट भरलेलं असायचं."

"अहो मामा, सहा महिने झाले. मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? माजं ऐकू नगंस म्हणून?"

सुनेने फॉर्म बाजूला ठेवला.

"बरं. आज दुपारी तुम्ही पुरे म्हणालात, तरी वाढू?"

"ते इचारून वाढत न्हाईत, पोरी."