पंप गुणी, डबा दीडशहाणा

नाही नाही, पंपाबद्दल माझी तक्रारच नाही हो! पंप गुणी आहे. हृदय थकलं, डॉक्टरीणबाईंनी छातीत पंप बसवला, तो रक्त ढकलतो, मी जिवंत आहे, विषय संपला! तक्रार आहे ती या डब्याबद्दल... हा बघा, कमरेला लटकलाय, पोटातून वायर आलीय. हा म्हणे स्वतःच ठरवणार, पंप कधी पळवायचा, कधी हळू करायचा! मला विचारणारसुद्धा नाही! अहो, उभा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेला माझा, ऑटोमॅटिकच्या भरवशावर जळालेल्या मोटारी याच हातांनी उघडल्यात! तुम्हाला सांगतो, ऑटोमॅटिकला मी मानत नाही!

बाईंना म्हटलं, मला एक बटण द्या, माझं मी बघतो. तर त्या गोड आवाजात, "काका, झोपेत कोण दाबणार बटण?" वर अट घातली, "घरचे जिने चढून दाखवा. डब्यानं नीट सांभाळून घेतलं तर घरी राहा, नाहीतर मेव्हण्याकडे तळमजल्यावरच." कायमचं! मेव्हण्याकडे! जो टीव्हीचा रिमोट उशाखाली घेऊन झोपतो! आणि माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही...

मग मी डोकं चालवलं. जिने चढायच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. का? अंगात पाणी कमी, म्हणजे पंपावर लोड कमी! साधी गोष्ट! बायको बाटली घेऊन मागे मागे, "अहो, दोन घोट तरी घ्या!" म्हटलं, गप्प बस, पंपातलं तुला काय कळतं?

पहिला मजला झोकात चढलो. दुसऱ्यावर पोचतो न पोचतो तोच... टीं टीं टीं! डब्यानं पंप हळू केला! ऐन चढावर! मी ओरडलो, "अरे गाढवा, आत्ता पळव!" आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन पायरीवर बसलो. घाबरलो हो, खोटं कशाला बोलू? बाईंनी सोबत धाडलेली नर्स डबा बघून म्हणते, "काका, ओढायला आत पुरेसं रक्तच नव्हतं, म्हणून हळू केला त्यानं. पाणी प्यायला नाहीत का?"

टाकी रिकामी असताना पंप चालवू नका, हे लोकांना ओरडून ओरडून सांगणारा माणूस मी!

बायकोनं बाटली पुढे केली. प्यायलो. बराच वेळ बसलो. डब्यानं आपला आपण वेग वाढवला, अंधारी गेली, नर्स म्हणाली, "आता उठा, सावकाश." आणि गेलो की वर! पायऱ्या कुणी चढल्या? मी! डब्याला पाय आहेत का? ऑटोमॅटिकला मी तेव्हाही मानलं नाही!

आता घरीच आहे, माझ्या खुर्चीत. पण डबा जरा टीं करायचा अवकाश, स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतो, "बघा, तोही तेच म्हणतोय!" लग्न झाल्यापासून ती एकटी म्हणत होती, पाणी प्या, पाणी प्या... मी दाद दिली नाही. आता माझ्याच कमरेचा माणूस फितवलाय तिनं! पण मी बधणार नाही, ऑटोमॅटिकला मी मानत नाही म्हणजे ना...

टीं टीं.

...अगं ए, ऐकलं, ऐकलं! आण तो ग्लास इकडे.