पायलनं पुडी पट्टीवर चढवली

(बडनेरा. रेल्वेतून रिटायर झालेले मोतीराम जेवायला बसलेत. बायको दुर्गाबाई चुलीपाशी. फार्मसी शिकणारी पायल नुकतीच अमरावतीहून आली आहे.)

मोतीराम : मले न इचारता माही गुडघ्याची पुडी कालेजात नेलीच काहून?

पायल : विचारलं असतं तर दिली असती काय? दुखण्याच्या गोळ्यांत काय काय असते, ते ओळखायचं प्रॅक्टिकल होतं. म्हटलं, वैद्याची पुडीही लावून पाहू.

मोतीराम : वलगावच्या शालिकराम वैद्याची जडीबुटी हाय ते. त्यात काय ओळखतं?

पायल : हा फोटो पाहा. पट्टीवर पांढरा लेप. खाली पेन्सिलची रेघ, रेघेवर थेंब. पट्टी द्रावणात उभी केली की द्रावण वर चढते, अन् थेंबातली एकेक चीज आपापल्या उंचीवर थांबते. निळ्या दिव्याखाली ठिपके दिसतात. हा पॅरासिटामॉलचा. हा कॅफिनचा. अन् बाजूले तुमची पुडी.

मोतीराम : दोन ठिपके. त्याच उंचीवर.

पायल : डोकंदुखीची गोळी हाय, बाबा.

मोतीराम : कॅफिन म्हंजे?

पायल : चहात असते ते.

मोतीराम : चहात? पथ्य म्हनून माहा चहा तोडला त्या बदमाशानं. सारा हिवाळा लोकायच्या कपाकडं पाहत काढला म्या.

दुर्गाबाई : भाकर थंडी होऊन राहिली.

मोतीराम : होऊ दे. अर्धं बडनेरा पाठवलं मी त्याच्याकडं. शेजारच्या ओमप्रकाशले फरक नाही पडला, त त्यालेच झापलं, तुहं पथ्य कच्चं हाय म्हनून.

पायल : थांबा. तीच पुडी, अन् ओमप्रकाश काकाले फरक नाही?

मोतीराम : माही चप्पल कुठी हाय? वलगावले जातो. भर चौकात गचांडी धरतो त्याची, मंग पोलिसात देतो.

दुर्गाबाई : बसा खाली. त्याच्या पुडीत निरी सुंठ हाय, दुसरं काही नाही.

मोतीराम : तुले काय मालूम?

दुर्गाबाई : गोळी मी टाकते.

पायल : आई!

दुर्गाबाई : डॉक्टरच्या गोळ्या यायनं न्हानीत फेकल्या. इंग्रजी गोळी म्हंजे जहर म्हने. जयंतीच्या सभेत माइक धरून लोकायले इज्ञान शिकवते, अन् घरी गुडघा धरून रातभर 'माय वं, माय वं'. दुकानातून आनली, रोज एक कुटली, पुडीत मिसळवली.

पायल : कुटली कशात?

दुर्गाबाई : खलबत्त्यात.

पायल : ठेच्याच्या? म्हणून तुझा ठेचा खाल्ला की माझं डोकं दुखायचं थांबते.

दुर्गाबाई : धुते मी.

पायल : अंदाजानं रोज गोळ्या वाढवत गेली असतीस तर लिव्हर गेलं असतं. आता डॉक्टरले विचारून, उघड खायची.

मोतीराम : म्हंजे सारा हिवाळा मी इंग्रजी गोळी खाल्ली.

दुर्गाबाई : अन् स्टेशनचा पूल चढले.

मोतीराम : लोकायले मालूम पडलं त?

दुर्गाबाई : तुमालेच सांगतलं नोतं मी. लोकायले काय सांगू?

मोतीराम : ओमप्रकाशची माफी मांगा लागते.

दुर्गाबाई : मांगा. अन् शालिकरामची?

मोतीराम : त्याची कायची? सुंठीले जडीबुटी म्हने तो... दुर्गा.

दुर्गाबाई : काय?

मोतीराम : चहा मांड. माह्या डोळ्यासमोर मांड.