इथे रोज कोण उभं राहतं?

आजच्या सभेचे अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक. व्यासपीठावर बसलेले प्लायचे व्यापारी आणि आमचे वाहतूकदार, जे आज पहिल्यांदाच वेळेवर पोचले आहेत. ज्यांच्या निरोपासाठी हा सारा थाट ते मोठे मिस्त्री. पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, आम्हा सगळ्यांच्या काकू. आणि कारखान्यातले माझे सोबती, सर्वांना नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मघाशी मिस्त्री कानाशी येऊन म्हणाले, "दोनच बोल, पोरी. पुढे जेवणं आहेत." एका बिजागरीवर अख्खी दुपार व्याख्यान देणाऱ्या माणसाने हे सांगावं, याला काय म्हणायचं?

बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आम्ही लोकांची स्वयंपाकघरं आणि कपाटं बनवतो. पूर्वी इथेच हाताने फळ्या कापल्या जायच्या. आता ते काम कॉम्प्युटरवर चालणारं मशीन करतं, आणि ते मशीन माझ्या ताब्यात आहे. कापलेला माल घरोघरी नेऊन बसवतात ते आमचे फिटर, आणि त्या फिटरांचे प्रमुख आजवर मोठे मिस्त्री होते.

मशीन आलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता मिस्त्री रुसणार. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, कापलेल्या फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माझ्या बापालाही अशी कड जमली नसती." त्यांचे वडील नावाजलेले सुतार होते, तेव्हा ही काही साधी पावती नव्हती. त्याच दिवशी त्यांनी मशीनचं नाव 'सूनबाई' ठेवलं. का, तर हिच्यासाठी एसी आणि आपल्याला पंखा, हिला जरा खुट्ट झालं की डॉक्टर धावत येणार, हिच्या खोलीत जोरात बोलायचं नाही. पण कामाला वाघीण आहे हो, असं वर म्हणायचे. काकू हसतायत. काकू, तुमच्या घरातल्या सुनेला एसी मिळाला का, हे मी आज विचारणार नाही.

तेव्हा यंत्राला हे जमत नाही, ते जमत नाही, असं म्हणायला मी उभी नाही. त्याला पुष्कळ जमतं. रोज संध्याकाळी मशीन बंद करताना मला त्याचा अभिमानही वाटतो आणि थोडी भीतीही वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटतं. माझ्यासारखं अजून कुणाला वाटतं का, हे मी कधी विचारलं नाही.

मिस्त्रींची एक पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. ओट्याची उंची ठरवायच्या आधी ते घरातल्या माणसाला मोकळ्या भिंतीसमोर उभं करायचे आणि सांगायचे, "भाजी चिरा. आता भांडी घासा." हातात काही नसायचं. माणसं आधी लाजायची, मग खरोखर चिरायला लागायची. कोपर कुठे येतं ते बघून मिस्त्री भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायचे.

ही पद्धत त्यांना एका फजितीतून सापडली. एकदा ते एका घरी गेले तेव्हा दार उघडलं एका बुटक्या बाईंनी. मिस्त्रींनी अंदाजाने त्यांच्या मापाचा ओटा बसवून टाकला. बाईही रोज समोर उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. शेवटच्या दिवशी घराचे मालक आले, ताडमाड उंच नवरा-बायको. नवरा कमरेतून वाकून ओट्याकडे बघत म्हणाला, "मिस्त्री, हा ओटा आहे की पाट?" त्या बाई शेजारीण होत्या. किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती, एवढाच त्यांचा त्या घराशी संबंध. मिस्त्रींनी निमूटपणे सगळा ओटा उचकटला. तेव्हापासून कुठल्याही घरात चप्पल काढायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथे रोज कोण उभं राहतं?"

आता जरा अवघड भागाकडे येते. अध्यक्षमहाराज, माझ्याकडे असं बघू नका, मी मर्यादेतच बोलेन.

मागच्या वर्षी मालकांनी नवी योजना मांडली. गिऱ्हाईक स्वतःच मोबाइलवर खोलीचं माप घेणार, मशीन फळ्या कापणार, माल खोक्यात भरून घरी जाणार आणि कुणीही तो खटाखट जोडणार. फिटर लागणारच नाहीत. मालकांचंही चुकत नव्हतं. बाजारात सगळे तेच करताहेत, आणि कारखाना बुडाला तर फिटरही बुडणार आणि मीही बुडणार. जोडणी सोपी व्हावी म्हणून मिस्त्रींनी आपली हातोटी मशीनला शिकवावी, असं ठरलं. मिस्त्री रोज माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसू लागले. सांधा कसा घ्यायचा, वाकड्या भिंतीला फळी कशी मिळवायची, सगळं हातचं न राखता सांगत होते.

फिटरांना हे कसं वाटलं असेल? आपलाच म्होरक्या आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, आणि तोही हसत हसत. सर्वांत जास्त लागलं ते मौनींना. मौनी तिकडे खिडकीपाशी बसले आहेत. मिस्त्रींच्या हाताखाली वाढले, मुळातच दिवसाला चार वाक्यं बोलणारे. त्यांनी मिस्त्रींशी बोलणं सोडलं. आता मौनी रागावून गप्प आहेत, हे मिस्त्रींच्या लक्षात यायलाच आठवडा गेला, ही गोष्ट निराळी.

मी मिस्त्रींना एकदा म्हटलं, तुम्ही का शिकवताय? ते म्हणाले, "मी नाही शिकवलं तर ही सूनबाई कुणाकडून तरी अर्धवट शिकेल. मग आपल्याच नावाने अर्धवट ओटे बसतील." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि शिकवता शिकवता कळेल, काय शिकवता येत नाही ते."

हे कळायला एक घर लागलं. मिस्त्रींनी मालकांना गळ घातली की, नव्या योजनेतला पहिला माल कापायच्या आधी आपण दोघं त्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ. मालक म्हणाले, त्याची गरज काय, तुमचा तो प्रश्न आम्ही फोनवर विचारलाय की. खरंच विचारला होता. फोनवर एका वयस्कर गृहस्थांनी उत्तर दिलं होतं, "आमची मंडळी. माझ्या खांद्याला लागते." त्या उंचीचा नकाशा मीच काढला होता. तरी मिस्त्री हटेनात, म्हणून मालक, मिस्त्री आणि मी, तिघं गेलो.

गृहस्थांनी दार उघडलं. घर नीटनेटकं, पण गप्प होतं. मिस्त्रींनी नेहमीसारखं विचारलं, "इथे रोज कोण उभं राहतं?" ते पटकन म्हणाले, "आमची मंडळी." आणि थांबले. मग म्हणाले, "म्हणजे, राहायची." बाईंना जाऊन काही महिने झाले होते. परगावच्या मुलीने हे स्वयंपाकघर वडिलांसाठी सांगितलं होतं, त्यांना आता स्वतःचं करून खाता यावं म्हणून. फोनवर ते खोटं बोलले नव्हते. जन्मभर त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, तेच तोंडून गेलं.

मी माझ्या नकाशाकडे बघत राहिले. मापात कुठे चूक नव्हती. फक्त ते माप ज्यांचं होतं, त्या आता तिथे उभ्या राहणार नव्हत्या.

मिस्त्री म्हणाले, "मग आता तुम्ही उभे राहा. भाजी चिरा." गृहस्थ भिंतीसमोर उभे राहिले आणि हात तसेच लोंबकळत ठेवून म्हणाले, "मला येत नाही हो." मिस्त्रींनी रिकाम्या हाताने त्यांना सुरी कशी धरायची ते दाखवलं. बोटं आत वळवा, नाहीतर कापून घ्याल. घाई नको. मिस्त्रींना स्वतःला चहापलीकडे काही येत नाही, काकू साक्षीला आहेत. दोन म्हातारी माणसं मोकळ्या भिंतीसमोर हवेत भाजी चिरत होती, आणि आमचे मालक दाराला टेकून बघत होते.

परतताना गाडीत मालकांनी माझा नकाशा मागून घेतला आणि पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "एक वर्ष. कापायच्या आधी फिटर घरी जाईल, आणि बसवायलाही तोच जाईल. वर्षभराने बघू." फिटरांना ती मुदत मिळाली ती अशी. मशीनला उशीर झाला म्हणून किंवा दया आली म्हणून मिळालेली नाही. मिस्त्रींनी हे कुणाला सांगू दिलं नाही. "मौनीला कळलं तर तो उपकार मानेल. त्यापेक्षा रागावलेला बरा, रागात त्याचा हात नीट चालतो," असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री, आज मी तुमचं ऐकलेलं नाही.

वर्षानंतर काय? मला माहीत नाही. मालकांनाही माहीत नसावं. मुदतीतले काही महिने सरलेही आहेत. मिस्त्री उद्यापासून येणार नाहीत, आणि मदतीला बोलावलं तरी येणार नाहीत. म्हणतात, "मी आलो तर तुम्ही माझ्याकडे बघाल. घरातल्या माणसाकडे कोण बघणार?"

उद्या सकाळी एक नवं घर आहे. तिथे मौनी जाणार आहेत, मापाला मी सोबत आहे. मौनी, तिथे तुम्हाला बोलावं लागेल. अनोळखी माणसाला उभं करायचं, त्याला लाज वाटू द्यायची नाही, आणि तो जे सांगत नाही ते ऐकायचं. सुरी-बिरी मी बघेन. पण विचारायचं तुम्हीच.

काय म्हणालात? जरा मोठ्याने. मंडळी, ते म्हणतायत, "मी विचारीन. पण चुकलं तर मिस्त्रींना घरी जाऊन सांगणार." ऐकलंत, मिस्त्री? दार उघडं ठेवा.

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मालकांनी मला मध्येच थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे वेगळे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, मानपान राहिला असेल, कुणाचं गुपित उघडं पडलं असेल, तर धाकटी समजून पदरात घ्या. नमस्कार.