जांभळ्या फुलांच्या वेलीचं कूळ

सभेचे अध्यक्ष माननीय रतनसिंगजी, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते विष्णुपंत गुरुजी, आणि पुसेगावच्या बंधुभगिनींनो,

मी माणिकराव, शेतकरी माणूस. भाषणाची सवय नाही. पण गुरुजींची एक गोष्ट मीच सांगायला हवी.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कुणीतरी ओढ्याकाठी जांभळ्या फुलांची विलायती वेल लावली. दोन वर्षांत तिनं बाभळी गिळल्या. आम्ही गुरुजींना विचारलं. फूल पाहून ते म्हणाले, "गारवेलीच्या कुळातली दिसते. भिऊ नका."

त्या उन्हाळ्यात चारा संपला. माझा ढवळ्या बैल ओढ्यावर चरून आला आणि दिवस मावळायच्या आत गेला. आदल्या दिवशी तांड्यावरच्या नीलाबाई माझ्या बांधावर पाला खुडत होत्या. झालं! मी चावडीपुढं ओरडलो, "हिनंच विष घातलं!"

"मी काहून मारू तुमच्या बैलाला, पाटील?" त्या म्हणाल्या. कोण ऐकतो? तांड्याला गावची विहीर बंद झाली.

गुरुजी आठ दिवस त्या वेलीपाशी जाऊन बसत होते. मग त्यांनी पंचांना तिथं नेलं. "गारवेलीची पानं एकाआड एक येतात, हिची समोरासमोर." देठ मोडला, पांढरा चीक गळला. जोडशेंग उकलली, तर रुईसारखा रेशमी कापूस! "ही रुईच्या गोतातली, जहरी. मी फुलाला भुललो. बैल माझ्या चुकीनं गेला. या बाईला बोल लावू नका."

विहीर त्याच दिवशी खुली झाली. गुरुजींनी कुदळ उचलली, मागोमाग आम्हीही. दोन उन्हाळे मुळं खणली.

आणि मी? माफी मागायला तांड्यावर गेलो, पण बाजाराचा दिवस निवडून, कुणी पाहू नये म्हणून. नीलाबाईंनी पाणी दिलं. "बसा, पाटील," एवढंच म्हणाल्या.

गुरुजी, तुम्ही आम्हांला पुष्कळ शिकवलं, गाव तुमचं ऋणी आहे. अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं.

नीलाबाई, तुम्ही तिकडं दाराशी बसल्या आहात. आळ मी साऱ्या गावादेखत घेतला होता. आज साऱ्या गावादेखत हात जोडतो. मला माफ करा.